प्लवक कुजलं की कार्बन परत वर येत नाही का?

पाटीवरची | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. दादरच्या एका मराठी शाळेत मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. यंदाच्या विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या पाच मुलांनी स्वतःहून विषय निवडला: समुद्रातले प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, हवेतला कार्बन खोल समुद्रात कसा पोचवतात. मला फार आनंद झाला. दरवर्षीचा ज्वालामुखी आणि पवनचक्की सोडून कुणीतरी समोरच्या समुद्राकडे पाहिलं.

तक्ता तयार झाला. हवेतून पाण्यात, पाण्यातून वनस्पती प्लवकांत, तिथून प्राणी प्लवकांत, आणि मेले की तळाला. बाण काढून झाले आणि त्यातल्याच एका मुलीने विचारलं, "बाई, प्लवक मेलं की कुजणार. कुजलं की कार्बन डायऑक्साइड सुटणार. मग तो परत वर येत नाही का? वर्गाबाहेरच्या बदामाची पानं कुजतात तेव्हा तो हवेतच जातो ना?"

तिला समजेल आणि तिची फसवणूकही होणार नाही, असं उत्तर मी शोधते आहे. "तळाला जातो" एवढ्यावर ती गप्प बसणारी नाही, आणि तिने बसू नये असंच मलाही वाटतं. इथे समुद्राशी संबंध असलेली माणसं आहेत. मदत कराल?

जुनाखलाशी | सोमवार, रात्री १०:०२

बाई, त्या मुलीला माझी शाबासकी सांगा. नेमका प्रश्न विचारलाय तिने.

उत्तर असं आहे: परत येतो. जवळपास सगळाच येतो. कधी येतो, यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे.

मी आता निवृत्त आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मोहिमांत, सागर कन्या जहाजावर, यंत्रं समुद्रात सोडणं आणि परत काढणं हे माझं काम होतं. डेकवर उभं राहून जे पाहिलं आणि शास्त्रज्ञ मंडळींकडून जे ऐकलं, ते सांगतो.

खुल्या समुद्रात साधारण वरच्या शंभर मीटरपर्यंत वनस्पती प्लवकांना पुरेल इतका उजेड पोचतो. तिथे ते पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड घेऊन वाढतात. पाण्यातला वायू कमी झाला की पाणी तो हवेतून ओढतं. जगभरच्या समुद्रांत असा वर्षाला सुमारे ५० अब्ज टन कार्बन प्लवकांच्या अंगात जातो, जमिनीवरची सगळी झाडं मिळून जेवढा घेतात साधारण तेवढाच. पण झाडासारखं खोड नाही, लाकूड नाही. आज जन्मलं, चार दिवसांत कुणीतरी खाल्लं. खाणाऱ्याने श्वास सोडला की तो कार्बन तिथल्या तिथे पाण्यात परत. बहुतेक कार्बनची गोष्ट इथेच संपते.

उरलेला, म्हणजे वर्षाला १० अब्ज टनांच्या आसपास, उजेडाच्या थराखाली घसरतो. त्याचीही वाटेत लूट होते. जीवाणू खातात, छोटे प्राणी खातात. शंभर मीटरवर सात घास होते असं धरलं तर हजार मीटरवर जेमतेम एक उरतो. तळापर्यंत पोचतो तो वर तयार झालेल्याच्या शंभरात एक वगैरे, आणि त्यातलाही फार थोडा गाळात कायमचा गाडला जातो.

आता मुलीच्या बदामाच्या पानाकडे येऊ. पान झाडाखाली कुजतं, तिथे हवा चिकटूनच असते. प्लवक दोन हजार मीटरवर कुजलं तर सुटलेला वायू तिथल्याच पाण्यात विरघळतो. वर दोनशे वातावरणांचा दाब आहे, त्यामुळे सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे येत नाहीत. आणि ते पाणी थंड, जड. वरचं कोमट, हलकं. दोन्ही सहज मिसळत नाहीत. ते खालचं पाणी फिरत फिरत पुन्हा वर यायला शेकडो वर्षं लागतात. तोवर तो कार्बन हवेच्या हिशोबातून बाहेर.

म्हणून तक्त्यात एक बाण वर जाणाराही काढा. त्यावर वर्षं लिहा.

भरतीओहोटी | सोमवार, रात्री १०:२०

वाचतोय. काका, लिहीत राहा.

पाटीवरची | सोमवार, रात्री १०:४१

काका, मनापासून आभार. वर्षं लिहिलेला बाण! उद्या वर्गात सांगते. एक शंका. प्लवक इतके बारीक असतात, तर ते दोन हजार मीटर खाली पडायला किती वेळ लागेल? वाटेतच संपणार नाहीत का?

जुनाखलाशी | मंगळवार, सकाळी ७:३०

संपतात. एकटं प्लवक दिवसाला मीटरभर उतरलं तरी खूप. अरबी समुद्राचं खोल पात्र तीन-चार हजार मीटर आहे. तीन हजार मीटरला तीन हजार दिवस म्हणजे आठ वर्षं झाली. एवढा वेळ कोण शिल्लक राहू देतं?

म्हणून खरी मेख उतरण्याच्या वेगात आहे, आणि वेग येतो गोळा होण्यातून. कणाचा व्यास दुप्पट झाला की वेग चौपट होतो. मेलेले प्लवक, त्यांचा चिकट स्राव, कवचांचे तुकडे, उडून आलेली धूळ हे सगळं एकमेकांना चिकटून मऊ पुंजके होतात. खोल पाण्यात दिवा सोडला तर ते पिठाच्या भुरभुरीसारखे खाली येताना दिसतात. मरीन स्नो म्हणतात त्याला. हे पुंजके दिवसाला काही दहा ते शंभर मीटर उतरतात. दुसरी वाहतूक म्हणजे प्राणी प्लवकांची विष्ठा. कोपेपॉड नावाचा तांदळाच्या कण्यांहून लहान जीव असतो, तो शेकडो प्लवक खाऊन एक घट्ट गोळी टाकतो. ती दिवसाला शंभर मीटर सहज जाते. तीन हजार मीटरला महिना लागतो, आठ वर्षं नाही. सॅल्प नावाचे काचेसारखे पारदर्शक जीव आहेत, त्यांच्या गोळ्या तर एका दिवसात हजार मीटर जाऊ शकतात.

कवचाचाही उपयोग होतो. डायॅटम आणि कोकोलिथोफोर हे वनस्पती प्लवकांचे प्रकार. डायॅटमचं कवच वाळूच्या जातीचं, सिलिकाचं. कोकोलिथोफोरचं खडूच्या जातीचं. ही दोन्ही वजनं बांधल्यासारखं काम करतात. आपल्या अरबी समुद्रात वाळवंटाची धूळही वाऱ्याने येऊन पडते आणि पुंजक्यांना जड करते.

तिसरी वाट जिवंत प्राण्यांची. दुसऱ्या महायुद्धात ध्वनिलहरींनी पाणबुड्या शोधताना नौदलांना समुद्राचा एक खोटा तळ दिसायचा, दिवसा काहीशे मीटर खाली आणि रात्री वर सरकणारा. तो तळ नव्हता. अब्जावधी प्राणी प्लवक आणि छोटे मासे रात्री वर येऊन खातात आणि पहाटे अंधारात लपायला खाली जातात. वर खाल्लेलं खाली जाऊन श्वासातून सोडतात, म्हणजे स्वतःच्या पोटातून कार्बन खाली वाहून नेतात. जहाजावर संध्याकाळी प्रतिध्वनियंत्राच्या पडद्यावर तो थर चढताना मी कितीदा पाहिलाय. दर वेळी सगळे काम सोडून बघत उभे राहायचे.

वेसावकरीण | मंगळवार, दुपारी २:५०

मी वेसाव्याची. आमची डोल जाळ्याची बोट आहे. काका जे सांगतायत ते वाचून मला आमच्या सासऱ्यांची आठवण आली. ते सांगायचे की काही रात्री जाळं ओढलं की पाणी निळं पेटायचं, हात बुडवला तर हातही. २०२० च्या नोव्हेंबरात जुहूला लाटा निळ्या चमकल्या तेव्हा सगळी मुंबई बघायला गेली, आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणाली यात नवीन काय.

माझे दोन प्रश्न आहेत. जवळा हेच प्लवक खातो ना? आणि बोंबील जवळ्याला खातो. म्हणजे वलांडीवर वाळणारा बोंबील हा पण त्याच कार्बनचा.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आम्ही डोल लावतो तिथे वीस-तीस मीटर पाणी. उधाणाला प्रवाह असा असतो की तळाचा चिखल वर येतो, पाणी चहासारखं होतं. तुम्ही म्हणता दोन हजार मीटर. मग आमच्या समोरच्या समुद्रातलं प्लवक बुडतं तरी कुठे?

जुनाखलाशी | मंगळवार, रात्री ९:१०

ताई, तुमचा दुसरा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात मोलाचा आहे. बाई, तो मुलांना जरूर वाचून दाखवा.

आपल्या समोर ते कुठेही बुडत नाही. मुंबईसमोरचा उथळ मंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा कमी खोलीचा समुद्रतळ, फार रुंद आहे, तीनशे किलोमीटरच्या घरात. बॉम्बे हायच्या तेलविहिरी किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरहून लांब, तरी तिथे पाणी सुमारे ७५ मीटरच. गेटवेवर उभं राहून "इथले प्लवक कार्बन तळाला नेतात" म्हटलं तर तो तळ ओहोटीच्या हाताला लागतो. इथे पडलेलं प्लवक चिखलात कुजतं, उधाणाने घुसळतं, आणि त्याच हंगामात त्याचा कार्बन पुन्हा वरच्या पाण्यात येतो. थोडाफार गाळात अडकतो, खाडीच्या चिखलात आणि तिवरांखाली. पण खोल समुद्राचं काम मंचाच्या कड्यापलीकडे सुरू होतं.

आणि जवळ्याबद्दल, अगदी बरोबर. जवळा प्लवकं आणि कुजका कचरा खातो, बोंबील जवळा खातो, बोंबील आपण खातो. जेवून आपण श्वास सोडला की तो कार्बन हवेत परत. तारली आणि बांगडाही प्लवकांवरच जगतात.

हिशोबी | मंगळवार, रात्री ९:४५

मी अभियंता, त्यामुळे आकडे जुळवून बघतोय. प्लवकं वर्षाला १० अब्ज टन कार्बन खाली नेतात. कोळसा, तेल, वायू जाळून माणूसही वर्षाला जवळपास १० अब्ज टन कार्बन हवेत सोडतो. मग प्लवकं आपला सगळा धूर साफ करतात असा अर्थ होतो का? तसं असेल तर हवेतलं प्रमाण वाढतंय कसं?

रसायनवाली | मंगळवार, रात्री ११:३०

हिशोबी, आकडे बरोबर आहेत पण ते एकाच खात्यातले नाहीत. ही गल्लत बातम्यांतही होते म्हणून सविस्तर लिहिते.

प्लवकांचा हा पंप लाखो वर्षं चालू आहे. तो जेवढा खाली नेतो जवळपास तेवढाच कार्बन खोल पाणी वर आल्यावर परत येतो. टाकीत वरून नळ आणि खालून नळ दोन्ही चालू असल्यासारखं. आपण धूर सोडायला लागलो म्हणून प्लवकं जास्त कार्बन खाली न्यायला लागली असं नाही. खुल्या समुद्रात त्यांची वाढ अडते ती नायट्रेट, फॉस्फेट, लोह यांच्या कमतरतेमुळे. कार्बन त्यांना आधीच मुबलक आहे.

माणसाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्सा समुद्र घेतो हे खरं, पण तो मुख्यतः साध्या विरघळण्याने. हवेत वाढला म्हणून पाण्यात शिरतो, आणि ध्रुवांजवळ थंड पाणी बुडतं त्याबरोबर खाली जातो. त्याची किंमत म्हणजे समुद्राचं पाणी आम्लतेकडे झुकतंय आणि चुन्याचं कवच बांधणाऱ्या जीवांना ते जड जातंय.

मग पंपाचं महत्त्व काय? तो थांबला तर. औद्योगिक युगाच्या आधी हवेत दहा लाखांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता ४२० च्या वर गेलाय. प्लवकांचा पंप बंद पडला तर हवेतलं प्रमाण कालांतराने आणखी दीडशे ते दोनशे भागांनी वाढेल असं प्रतिमानं सांगतात. सांभाळायला हवं ते हे, आधीपासून खाली धरून ठेवलेलं.

आणि एक विनंती, बाई. "अर्धा प्राणवायू समुद्र देतो" हे वाक्य तक्त्यावर असेल तर जपून. प्रकाशसंश्लेषणातला जवळपास अर्धा वाटा समुद्राचा आहे, पण तो प्राणवायू बहुतेक समुद्रातलेच जीव कुजवण्यात आणि श्वासात वापरून टाकतात. आपल्या फुप्फुसांसाठी दर वर्षी नवा साठा येतो असं नाही.

पाटीवरची | बुधवार, सकाळी ६:५०

ते वाक्य तक्त्यावर होतं, मोठ्या अक्षरांत. आज दुरुस्त करून घेते. रसायनवाली, धन्यवाद.

गिरगावकर | बुधवार, दुपारी १:१५

लोह कमी पडतं म्हणताय, तर समुद्रात लोह टाकून प्लवकं वाढवली तर? परळच्या एका व्याख्यानात याबद्दल ऐकलं होतं. वाईट कल्पना वाटत नाही.

जुनाखलाशी | बुधवार, रात्री ८:४०

कल्पना जुनी आहे आणि करूनही पाहिलीय. जॉन मार्टिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८८ मध्ये म्हटलं होतं की मला अर्धं टँकर जहाज भरून लोह द्या, मी तुम्हाला हिमयुग देतो. दक्षिण महासागरात बाकी पोषकद्रव्यं भरपूर, पण लोह नाही. पुढे बऱ्याच मोहिमा झाल्या आणि लोह टाकलं की प्लवक वाढतात हे सिद्धही झालं.

त्यातली एक आपली होती, भारत आणि जर्मनीची मिळून. २००९ च्या सुरुवातीला पोलारस्टर्न जहाजावरून. लोहाफेक्स नाव, त्यातलं लोहा आपलंच. भारताकडून वाजिह नक्वी आणि जर्मनीकडून व्हिक्टर स्मेटासेक मुख्य शास्त्रज्ञ होते. दक्षिण अटलांटिकमध्ये ३०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात विरघळलेलं लोह सोडलं. प्लवक वाढले. पण त्या पाण्यात सिलिका कमी होती, म्हणून जड कवचाचे डायॅटम वाढलेच नाहीत, दुसरेच मऊ प्लवक वाढले. ते कोपेपॉडनी फस्त केले, आणि कोपेपॉडना त्यांच्याहून मोठ्या अँफिपॉडनी. खाली फारसा कार्बन गेलाच नाही.

मला या प्रयोगाबद्दल आदर आहे. अपेक्षेविरुद्ध निघालेला निकाल त्यांनी जसाच्या तसा जगापुढे ठेवला. त्यातून कळलं ते हे की हिरवं पाणी दिसलं म्हणजे कार्बन बुडाला असं होत नाही. कोण वाढलं आणि कुणी खाल्लं यावर ठरतं. त्याच्या आधीच, २००८ मध्ये, समुद्रात कचरा टाकण्याबाबतच्या लंडन करारातल्या देशांनी ठरवलं होतं की अशी खतपेरणी फक्त संशोधनापुरतीच व्हावी. ते योग्यच झालं असं माझं मत आहे. खाली जादा काही बुडवलं तर ते कुजायला प्राणवायू लागतो, आणि आपल्या अरबी समुद्रात तर दीडशे ते हजार मीटरच्या पट्ट्यात तो आधीच जवळजवळ संपलेला आहे.

गिरगावकर | बुधवार, रात्री ९:०५

पटलं. माझं मत बदललं.

भरतीओहोटी | बुधवार, रात्री ९:३०

पण काका, खाली काय आणि किती पडतं हे मोजतात कसं? चार हजार मीटरवर कोण बसतं?

जुनाखलाशी | गुरुवार, सकाळी ८:००

हा माझ्या आवडीचा भाग.

मोठं नरसाळं पाण्यात टांगतात. जवळपास माणसाच्या उंचीचं, तोंड वर. खाली अणकुचीदार टोकाशी बाटल्यांची फिरती चकती. ठरावीक दिवसांनी चकती एक घर पुढे सरकते आणि नवी बाटली तोंडाखाली येते. प्रत्येक बाटलीत आधीच परिरक्षक द्रव असतो, म्हणजे पडलेलं कुजत नाही आणि कुणी खात नाही. तळाशी जड नांगर, वर दोर ताणून धरणारे तरंगगोळे. सहा महिन्यांनी, वर्षाने त्याच जागी जाऊन ध्वनीचा इशारा द्यायचा. खालचा आकडा सुटतो आणि सगळं वर येतं. कधी कधी येतही नाही. क्षितिजावर नारिंगी गोळा दिसेपर्यंत डेकवर कुणी बोलत नाही.

अरबी समुद्रात गोव्याच्या संस्थेने आणि हँबुर्ग विद्यापीठाने १९८६ पासून अशी नरसाळी लावली. बाटल्या ओळीने ठेवल्या की वर्ष डोळ्यांसमोर उभं राहतं. काही बाटल्या जवळपास रिकाम्या, मग एकदम भरलेल्या. भरलेल्या कोणत्या? नैर्ऋत्य मोसमी पावसातल्या, आणि मग हिवाळ्यातल्या. आपण इथे छत्री उघडतो, त्या वाऱ्याने ओमान-सोमालियाकडे समुद्र घुसळतो, खालची पोषकद्रव्यं वर येतात, प्लवक बहरतात, आणि काही आठवड्यांत त्यांचा गाळ तीन हजार मीटरवर नरसाळ्यात पडतो. पाऊस समुद्राच्या तळापर्यंत पोचतो हे १९८९ मध्ये नेचर नियतकालिकात छापून आलं.

हिवाळ्याचं कारण वेगळं. उत्तरेकडून कोरडं, गार वारं येतं, वरचं पाणी थंड होऊन बुडतं, आणि घुसळण पुन्हा होते. हे मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवलं.

आता मुलीच्या प्रश्नाची दुसरी बाजू. तोच नैर्ऋत्य वारा जे पाणी दोन-अडीचशे मीटरवरून वर आणतो, त्यात पूर्वी कुजलेल्याचा कार्बन विरघळलेला असतो. तो वर येऊन हवेत सुटतो. मोजमापं सांगतात की इतके प्लवक असूनही अरबी समुद्र एकूण वर्षाचा हिशोब केला तर हवेला कार्बन डायऑक्साइड देतो, घेत नाही. म्हणजे तिने जे विचारलं ते आपल्याच समुद्रात, दर पावसाळ्यात घडतं. कमी खोलीवर कुजलेलं लवकर परत येतं. म्हणूनच खोली महत्त्वाची.

वेसावकरीण | गुरुवार, दुपारी ३:२०

जूनपासून दोन महिने आमच्या बोटी बंद असतात तेव्हा तिकडे एवढं चाललेलं असतं! नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीला मासळी चांगली मिळते ती आम्ही म्हणतो माशांना अंडी घालायला वेळ मिळाला म्हणून. आता वाटतं त्या घुसळणीचाही हात असणार. हैदराबादहून इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा मासेमारी क्षेत्राचा संदेश येतो, तो उपग्रहाने पाण्याचा हिरवेपणा बघून काढतात हे आमच्या मुलाने सांगितलं होतं. तो हिरवेपणा म्हणजे हेच प्लवक ना?

रसायनवाली | गुरुवार, दुपारी ४:०५

हो ताई, तेच. प्लवकांमधल्या हरितद्रव्याने पाण्याचा रंग बदलतो आणि आपला ओशनसॅट तो टिपतो. त्याला पाण्याच्या तापमानाची जोड देऊन संदेश तयार होतो. घुसळणीने पोषकद्रव्यं येतात, हेही बरोबर. फक्त उपग्रहाला वरचा हिरवेपणा दिसतो, खाली किती गेलं ते नाही. त्यासाठी काकांचं नरसाळंच.

पाटीवरची | शनिवार, संध्याकाळी ६:१०

दोन दिवस मुलांबरोबर प्रयोगशाळेत होते म्हणून उशीर.

दोन उंच काचेच्या बरण्यांत मिठाचं पाणी घेतलं. एकीत चिमूटभर कणीक भुरभुरली. दुसरीत तेवढ्याच कणकेची घट्ट मळून बारीक गोळी टाकली. गोळी "एक, दोन" म्हणेपर्यंत तळाला. कणकेची बरणी मधली सुट्टी संपली तरी गढूळ होती. पदार्थ तोच, वजन तेच. कोपेपॉड काय करतो हे मला आता शब्दांत सांगावं लागणार नाही.

तक्ता फाडून नवा केला. डावीकडे मुंबई, रुंद उथळ मंच, त्यावर डोल आणि चहासारखं पाणी, वर जाणारा बाण "त्याच हंगामात". मध्ये दोनशे मीटर, बाण "काही वर्षं ते काही दशकं". उजवीकडे खोल पात्र, बाण "शेकडो वर्षं". गाळाशी एक अगदी बारीक ठिपका, त्याला बाण नाही.

मुलीचं समाधान झालं आणि लगेच तिने पुढचं विचारलं: "तळाशी आत्ता जे पाणी आहे, ते वर शेवटचं कधी होतं?"

जुनाखलाशी | शनिवार, रात्री ९:२०

अरबी समुद्राच्या तळाचं पाणी इथलं नाही. ते दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूने, तळातळाने सरकत आलेलं आहे. त्याने पृष्ठभाग सोडला त्याला हजार वर्षांच्या आसपास झाली. कोकणात शिलाहारांचं राज्य होतं साधारण तेव्हा. तेव्हापासून त्याच्यावर दर पावसाळ्यात आणि दर हिवाळ्यात प्लवकांचा गाळ पडतोय, कुजतोय आणि त्यात विरघळतोय.

पाटीवरची | शनिवार, रात्री ९:४४

तळाशी "शिलाहारकाळ" लिहून घेते सोमवारी. सगळ्यांना प्रदर्शनाचं आमंत्रण, तारीख ठरली की इथे टाकते.

वेसावकरीण | शनिवार, रात्री १०:०५

बाई, मी ओला जवळा आणून देते, मुलांना भिंगाखाली बघू दे. पहाटेच्या बोटीचा, बर्फात घालून. दादरला साडेसातपर्यंत पोचेन. शाळा किती वाजता उघडते ते कळवा.